अँडासोल आणि हेमासोलार: मिठाच्या साठ्यात एवढी तफावत कशामुळे?

किरणोत्सुक (प्रश्न):
नमस्कार. स्पेनमधील ग्रनाडा प्रांतातला अँडासोल-१ हा ५० मेगावॅटचा सौर औष्णिक प्रकल्प सूर्य मावळल्यावरही साडेसात तास चालावा, म्हणून तेथे सुमारे २८,५०० टन वितळलेले मीठ साठवलेले असते. सेव्हिल प्रांतातला हेमासोलार हा १९.९ मेगावॅटचा मनोऱ्याचा प्रकल्प (भोवतालचे आरसे ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर एकवटून तेथेच मीठ तापवतात) मात्र १५ तासांच्या साठ्याचे काम सुमारे ८,५०० टनांत भागवतो. विजेच्या हिशेबात पहिल्याचा साठा ३७५ मेगावॅट-तास आणि दुसऱ्याचा जवळपास ३०० मेगावॅट-तास भरतो; म्हणजे साठा चार-पंचमांश असूनही मीठ एक-तृतीयांशापेक्षा कमी लागते. दोन्हीकडे मीठ एकच आहे: ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट. मग हा फरक येतो कोठून? आणि राजस्थानात याच तंत्राने उभारलेल्या मोठ्या प्रकल्पांत अशी साठवण का केली गेली नाही, हेही जाणकारांनी सांगावे.

औष्णिक:
फरक तापमानाच्या पल्ल्यात आहे. अशा साठवणीत दोन टाक्या असतात. दिवसा ‘थंड’ टाकीतले मीठ तापवून गरम टाकीत भरायचे आणि रात्री त्याची उष्णता वाफ करण्यासाठी काढून घेऊन ते परत थंड टाकीत सोडायचे, असा क्रम चालतो. मीठ सतत द्रवरूपच राहते, त्यामुळे प्रत्येक किलोमागे किती उष्णता साठेल हे केवळ दोन टाक्यांच्या तापमानांतल्या अंतरावर ठरते.

अँडासोलमध्ये थंड टाकी सुमारे २९२ आणि गरम टाकी सुमारे ३८६ अंश सेल्सिअसवर असते. अंतर ९४ अंश. या मिठाची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला सुमारे दीड किलोज्यूल धरली, तर २८,५०० टनांत साधारण १,१०० मेगावॅट-तास उष्णता मावते. टाकीच्या तळाशी पंपाला उचलता न येणारे मीठ वगळले की प्रत्यक्षात हजाराच्या आसपास उरते, आणि टर्बाइनची कार्यक्षमता ३७ टक्क्यांच्या घरात धरली की तुमचे ३७५ मेगावॅट-तास जुळतात. हेमासोलारमध्ये हीच तापमाने सुमारे २९० आणि ५६५ अंश आहेत, म्हणजे अंतर २७५ अंशांचे, जवळजवळ तिप्पट. विजेच्या एका मेगावॅट-तासामागे अँडासोलला ७६ टन मीठ लागते आणि हेमासोलारला २८ ते २९ टन, त्याचे मुख्य कारण हेच.

(यातले पोटॅशियम नायट्रेट आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार १३-०-४५ या नावाने फवारतात. पदार्थ दुर्मीळ नाही, पण हजारो टनांनी घ्यायचा म्हटला की खर्च जाणवतोच.)

किरणोत्सुक:
मनःपूर्वक आभार. मग अँडासोलच्या रचनाकारांनी तापमान ५६५ अंशांपर्यंत का नेले नाही?

औष्णिक:
तेथे उन्हाची उष्णता गोळा करण्याचे काम मीठ करत नाही, तेल करते. पन्हळीच्या आकाराच्या आरशांसमोरून जाणाऱ्या नळ्यांत कृत्रिम तेल फिरते, ते ४०० अंशांच्या पुढे विघटन पावू लागते, आणि त्याची उष्णता मिठाला हीट एक्स्चेंजरमधूनच मिळते. नळ्यांत थेट मीठ खेळवावे, तर ते २४० अंशांच्या खाली गोठू लागते आणि सुमारे २२० अंशांना पूर्ण घट्ट होते. मनोऱ्यात हा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण संध्याकाळी मनोऱ्याच्या माथ्यावरचे मीठ उताराने टाकीत परत येते. पन्हळींच्या शेतात मात्र आडव्या नळ्यांचे कित्येक किलोमीटरांचे जाळे रात्रभर उबदार ठेवावे लागते. सिसिलीतील आर्किमिदे प्रकल्पात २०१० मध्ये ५ मेगावॅटच्या प्रमाणावर पन्हळींत थेट मीठ वापरून ५५० अंशांपर्यंत मजल मारण्यात आली, म्हणजे ते अशक्य नाही. परंतु तेलाची चाल अजून मोडलेली नाही.

पोलादी:
वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो, कारण मीठ वाचले म्हणजे पैसे वाचले असे सरळ समीकरण मांडता येत नाही. ३८६ अंशांची टाकी साध्या कार्बन पोलादाची चालते. ५६५ अंशांना स्टेनलेस पोलाद लागते आणि त्याचे प्रसरण मोठे असते. ४० मीटर व्यासाचा तळ खोलीच्या तापमानापासून ५६५ अंशांपर्यंत तापला, तर त्याचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटरने वाढतो. त्यावर हजारो टनांचा भार असतो आणि खाली उष्णतारोधक पाया, त्यामुळे घर्षणाने तळाचा पत्रा सुखाने सरकू शकत नाही आणि वेल्डच्या जागी ताण साचतो. नेवाडातील क्रेसेंट ड्यून्स या ११० मेगावॅटच्या प्रकल्पात २०१६ मध्ये गरम टाकीलाच गळती लागली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला. उष्णता धरून ठेवण्यात या टाक्या उत्तम आहेत, आकार मोठा असल्यामुळे त्या फार सावकाश निवतात. खरी परीक्षा तळाच्या पत्र्याची होते, आणि माझ्या मते या तंत्राचे भवितव्य नव्या क्षारांपेक्षा त्या वेल्डवर अधिक अवलंबून आहे.

मरुस्थळी:
राजस्थानच्या प्रश्नाविषयी. राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात, २०१० मध्ये, सौर औष्णिक प्रकल्पांना ४७० मेगावॅटचे वाटप झाले. निवड झाली ती युनिटचा दर कोण सर्वांत कमी मागतो यावर, आणि दुपारच्या व रात्रीच्या युनिटला दर एकच होता. अशा अटींत मिठाच्या टाक्यांचा खर्च कोण अंगावर घेणार? जैसलमेर जिल्ह्यातील नोख येथे २०१३ मध्ये सुरू झालेला ५० मेगावॅटचा प्रकल्प साठवणीविनाच बांधला गेला, आणि वाटपातील बहुतेक प्रकल्प तर उभेच राहिले नाहीत. आरशांनी केंद्रित होते ते फक्त सरळ येणारे ऊन. धुळीने आणि आर्द्रतेने विखुरलेला प्रकाश त्यांच्या उपयोगाचा नसतो, आणि असे थेट ऊन अंदाजापेक्षा कमी मिळाल्याची तक्रार तेव्हा सर्वत्र होती. पुढे फोटोव्होल्टाइक पॅनेल स्वस्त झाल्यावर या वाटेकडे फारसे कोणी वळले नाही.

एक वेगळा प्रयत्न मात्र पाहण्याजोगा आहे. अबू रोड येथील ‘इंडिया वन’ या १ मेगावॅटच्या प्रकल्पात प्रत्येकी ६० चौरस मीटरच्या ७७० तबकड्या बसवल्या आहेत. तेथे मीठ नाही. प्रत्येक तबकडीच्या केंद्राशी असलेला ओतीव लोखंडाचा गोळा तापतो आणि त्यातूनच पाण्याची वाफ काढली जाते. रचना १६ तासांच्या साठवणीची आहे. लोखंड गोठण्याची भीती नाही आणि गळण्याचीही नाही, पण वाफ काढत गेले की गोळ्याचे तापमान उतरत जाते, म्हणून दोन टाक्यांच्या मिठाप्रमाणे रात्रभर एकाच तापमानाची उष्णता त्यातून मिळत नाही.