अँडरसन व्हॅलीचा पिनो न्वार: मॅलोलॅक्टिक अडकलंय

बॅरल२२८: कॅलिफोर्नियातल्या अँडरसन व्हॅलीत फायलोजवळच्या मळ्यातली पिनो न्वार (लाल वाइनची) द्राक्षं, २२८ लिटरचं एक बॅरल. तोडणीला ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) २३.५, आता वाइनचा पीएच ३.३८. साखर पूर्ण आंबली आहे. मॅलोलॅक्टिकचं कल्चर (बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक करणारे जिवाणू) टाकून नऊ आठवडे झाले, तरी पेपर क्रोमॅटोग्राफीत (कागदावर आम्लांचे ठिपके वेगळे दाखवणारी चाचणी) मॅलिकचा ठिपका जसाच्या तसा. लॅक्टिकचा अगदी पुसट. गॅरेज १३ अंशांवर. द्राक्षं चिरडताना ८० पीपीएम सल्फर डायऑक्साइड दिला होता. थोडं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टचं पोषक) घालून कल्चर पुन्हा टाकू का? आणि आम्ल फार बोचतंय, पोटॅशियम बायकार्बोनेटने आताच कमी करावं का?

द्राक्षवेल: डीएपी अजिबात नको. ईनोकोकसला (मॅलोलॅक्टिक करणाऱ्या जिवाणूला) अमोनियातला नायट्रोजन वापरता येत नाही, त्याला अमिनो आम्लं लागतात. उरलेल्या डीएपीवर ब्रेटानोमायसिस (ब्रेट, वाइन बिघडवणारं यीस्ट) मात्र पोसेल.

अडलंय ते थंडी आणि सल्फर या दोन्हींमुळे. पीएच ठीक आहे. लॅबमधून सल्फर डायऑक्साइडचे मुक्त आणि एकूण (मुक्त अधिक बांधलेला) असे दोन्ही आकडे घ्या. यीस्टने तयार केलेल्या पदार्थांनी बांधून ठेवलेला सल्फरही या जिवाणूला जाचतो, त्यामुळे मुक्त शून्य दिसला तरी एकूण ४० पीपीएमच्या वर असेल तर काम रखडतं. तो काढून टाकता येत नाही. हातात आहे ते तापमान. हीटिंग बेल्ट लावून बॅरल २० अंशांवर आणा, रोज एक-दोन अंशच वाढवा आणि आठवड्यातून एकदा तळाचा गाळ हलक्या हाताने ढवळा. २० अंशांवर दोन आठवड्यांत लॅक्टिकचा ठिपका गडद झाला नाही, तरच नवं कल्चर.

बायकार्बोनेट आता नको. मॅलिक ३.५ ग्रॅम प्रति लिटर असेल, तर ते गेल्यावर एकूण आम्ल आपोआप सुमारे २ ग्रॅमने उतरेल. आधीच कमी केलंत तर वाइन मिळमिळीत होईल.

नाशिक_ते_नापा: वरच्याशी सहमत. ही दरी वायव्येला पॅसिफिककडे उघडते, नवारो नदीच्या वाटेने धुकं आत शिरतं, आणि फायलोच्या खालचा भाग बूनव्हिलपेक्षा थंड. द्राक्षातलं मॅलिक उष्णतेने जळतं, इथे ते मण्यात शिल्लक राहतं. नाशिकला अनेकदा उलट टार्टारिक आम्ल घालावं लागतं, म्हणून तिथल्या सवयी इथे चालत नाहीत.

नवं कल्चर टाकायची वेळ आलीच, तर सल्फर सोसणारा वाण निवडा. पावडर वजनाच्या २० पट क्लोरीनविरहित पाण्यात, २० अंशांवर, १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. सोबत जिवाणूंसाठीचं खास पोषक. शेजारच्या वायनरीतून चालू मॅलोलॅक्टिकची ५ टक्के वाइन आणणंही चालतं, पण आधी तिची ब्रेटची तपासणी हवीच.

बॅरल२२८: मग वसंतापर्यंत थांबणं बाद?

द्राक्षवेल: फ्रान्सच्या बर्गंडीत थांबतात, पण तळघर थंड आणि बॅरल काठोकाठ भरलेलं असतं. सध्या तुमच्या वाइनला मुक्त सल्फरचं संरक्षण नाही. दर आठवड्याला टॉप-अप (बॅरल पुन्हा काठोकाठ भरणं) केलं नाहीत, तर व्हिनेगरचा वास येईल. ठिपका दिसेनासा झाल्यावरही लॅबमध्ये मॅलिक ०.१ ग्रॅमच्या खाली आल्याची खात्री करा, मगच सल्फर द्या: ५० पीपीएमला ११.४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये (सल्फर देण्याच्या पावडरीत) तो ५७ टक्केच, म्हणून पावडर २० ग्रॅम.

पुढच्या हंगामात चिरडताना ३० पीपीएमवर थांबा आणि यीस्टनंतर २४ तासांनी कल्चर टाका. तेव्हा रस उबदार असतो, अल्कोहोल जेमतेम असतं.