मोगलीचा 'ओरिजिनल' नेमका कोणता?

खामल्याचा_कूलर

रविवारची दुपार, बाहेर पंचेचाळीस, कूलरमध्ये पाणी भरलेलं. घराबाहेर पाय टाकायचा प्रश्नच नव्हता. पोराला म्हटलं, चल, आज तुला खरा 'जंगल बुक' दाखवतो. आधी १९६७चा डिस्नेचा कार्टूनवाला लावला आणि लगेच त्याच्यावर २०१६चा जॉन फॅवरोचा. एका बैठकीत दोन्ही.

२०१६चा आम्ही तेव्हा नागपुरात बर्डीच्या मॉलमध्ये पाहिला होता. आपल्याकडे तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिललाच लागला होता. पोरगा तेव्हा सात वर्षांचा. शेरखान गवतातून उडी घेतो तिथे त्याचे पॉपकॉर्न माझ्या मांडीवर आणि तो माझ्या बगलेत. मला त्या वेळी सिनेमा आवडला होता, कबूल. आता दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर मत बदललं.

माझ्या मते रिमेकवाल्यांनी जंगल खरं केलं आणि खेळ घालवला. जुना बल्लू पाठ खाजवतो आणि झाडच उपटून घेतो, तेव्हा ते चित्र आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हसू येतं. नव्या बल्लूचा केस न् केस सुटा दिसतो. असलं खरंखुरं अस्वल गायला लागलं की मलाच अवघडल्यासारखं होतं. माकडांचा राजा किंग लुई, त्याचं तर विचारूच नका. ते धूड पडक्या देवळाच्या अंधारातून हळूहळू पुढे येतं, पोरं श्वास रोखून बसतात, आणि धूड जाझ गातं! घाबरवायचंय की नाचवायचंय, ते आधी ठरवा ना.

लांडग्यांच्या म्होरक्या अकेलाला कड्यावरून फेकून मारणं, तेही लहान मुलांच्या सिनेमात, मला पटलं नाही. शेवटही बदलला. जुन्यात मोगली पाणी भरायला आलेल्या पोरीच्या मागे गावात जातो, बल्लू आणि बगीरा माघारी फिरतात, जरा हुरहूर लागते. नव्यात तो जंगलातच राहतो. म्हणजे पुढचा भाग काढायला मोकळे.

पोराचा निकाल मात्र उलटा. "बाबा, तुमच्या मोगलीला वाघाची भीतीच वाटत नाही. मग वाघ ठेवला कशाला?" शिवाय तो २०१६च्या सिनेमाला 'ओरिजिनल' म्हणतो आणि १९६७च्याला 'त्याचं कार्टून'. इथे मात्र माझं डोकं फिरलं. बोला.

दूरदर्शनचा_अँटेना

भाऊ, तुम्ही दोघंही चुकून राहिले. १९६७चा सिनेमा नागपुरात कोणाच्या लहानपणी होता? खरं सांगा, तुम्ही तो केव्हा पाहिला? सीडी आल्यावर ना?

आपल्या पिढीचा ओरिजिनल म्हणजे रविवार सकाळचा दूरदर्शनवरचा मोगली. जपानी निप्पॉन अ‍ॅनिमेशनची बावन्न भागांची मालिका, हिंदीत डब केलेली. गुलजारांनी लिहिलेलं ते चड्डीवालं गाणं, चाल विशाल भारद्वाजची, आणि ही 'माचिस'च्या आधीची गोष्ट आहे. आमच्याकडे मी गच्चीवर अँटेना धरून उभा आणि खालून आई ओरडायची, "आला, आला... गेला!" अर्धी मालिका मी नुसती ऐकली आहे.

ऐकली म्हणूनच सांगतो, शेरखान म्हणजे नाना पाटेकरचा आवाज. २०१६च्या हिंदी डबिंगमध्येही शेरखान नानाच. तेव्हा तुमचा रिमेक आपल्याकडे डिस्नेचा रिमेक म्हणून आलाच नव्हता. त्यांनी गाणं परत आणलं, नाना परत आणला, आणि आपण तिकीट काढून आपलीच रविवार सकाळ पाहून आलो.

खामल्याचा_कूलर

सीडीवरच पाहिला. बर्डीवरून आणली होती, कव्हर झेरॉक्सचं. चूक मान्य. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का झाला की! नानाचा आवाज आणि ते गाणं काढून घेतलं तर त्या सिनेमात आपलं म्हणावं असं उरतं काय?

धरमपेठची_वाचक

उरतं ना. किपलिंग उरतो. तुम्ही तिघांनी (पोरगा धरून) पुस्तकाचं नाव काढलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पुस्तक १८९४चं. लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून, पण जंगल आपल्या शेजारच्या सिवनीचं आणि नदी वैनगंगा. आता १९६७चा सिनेमा घ्या. वॉल्ट डिस्नेने लेखकाच्या हाती पुस्तक दिलं आणि पहिली अट घातली की हे वाचायचं नाही, असं त्याच्याच माणसांनी सांगून ठेवलंय. ते पडद्यावर दिसतंच. पुस्तकातला बल्लू कडक मास्तर आहे, जंगलाचा कायदा पाठ करून घेतो, चुकलं तर पंजा मारतो. डिस्नेने त्याचा आळशी मामा केला. पुस्तकातला 'का' नावाचा अजगर माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवणारा मित्र, त्याचा खलनायक केला. (जपानी मालिकेत तो भला होता, अँटेनाभाऊंना आठवत असेल.) आणि किंग लुई पुस्तकात नाहीच. किपलिंगच्या बंदरलोगांना राजा नसतो, पुढारी नसतो, म्हणून तर ते सकाळी ठरवलेलं संध्याकाळी विसरतात. डिस्नेने नेमका त्यांनाच राजा दिला!

उलट तुम्ही नावं ठेवताय तो रिमेक पुस्तकाकडे परत गेलाय. लांडग्यांचा कायदा त्यात म्हटला जातो. दुष्काळात नदीतला खडक उघडा पडला की पाण्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही, हा प्रसंग किपलिंगच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मधला, १८९५चा. १९६७मध्ये त्याचा मागमूस नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून आलेल्या कुणालाही विचारा, त्या प्रसंगाने अंगावर काटा येतो की नाही.

एकच तक्रार. पुस्तकात मोगली राम नावाच्या रेड्याला पुढे घालून म्हशींचा कळप घळीतून सोडतो आणि शेरखानला तुडवून मारतो. एका गुराखी पोराची अक्कल. २०१६मध्ये म्हशी येतात, पण नुसत्या पळतात, आणि वाघाला शेवटी आग मारते. तो प्रसंग पूर्ण घेतला असता तर मी तुमच्या पोराच्या बाजूने सही केली असती.

व्हीएफएक्स_मानकापूर

काका, राग नका मानू, पण तुम्हाले सिनेमा नाही पाहिजे, लहानपन पाहिजे. ते कोनी देऊ शकत नाही, डिस्नेही नाही.

तो पिक्चर अख्खा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बनला. नील सेठी नावाचं पोट्टं निळ्या पडद्यापुढं एकटं, समोर जनावराच्या जागी हातानं हलवाच्या बाहुल्या, आनि त्यानं असं काम केलं का आपन अस्वलाच्या पोटावर बसून नदीत पोहून राहिलो असं वाटते. व्हिज्युअल इफेक्टचं ऑस्कर उगाच नाही भेटलं. त्याच डायरेक्टरचा २०१९चा 'लायन किंग' पाहा, मंग फरक समजन. तिथं मानूस नाही, सिंहाच्या थोबाडावर हसू नाही का रडू नाही, डिस्कव्हरी चॅनल लावल्यासारखं. 'जंगल बुक' त्या पोट्ट्यामुळं वाचला.

अन् किंग लुईचं म्हनाल तं जुन्या लुईवर बोंब झाली होती, का माकडाले काळ्या लोकायच्या जाझचा आवाज देऊन 'मले मानूस व्हायचंय' म्हनाले लावलं. ते तसंच ठेवता येत होतं का? वरून ओरांगउटान भारतात नसते, म्हनून त्याले जायगँटोपिथेकस केला, जुन्या काळातलं नामशेष वानर. इतका इचार केला त्यायनं. तुम्ही कूलरपुढं बसून दोन मिनिटात निकाल लावला.

खामल्याचा_कूलर

बेटा, रागावलो नाही. पण इतका विचार केला म्हणतोस, तर गाणं तेच का ठेवलं? गाण्याचे शब्द इकडेतिकडे केले आणि तेच धूड नाचवलं. बोंब झाली होती तर गाणंच काढायचं होतं. ठेवलं, कारण माझ्यासारख्या बापाचे तिकिटाचे पैसे पाहिजे होते. माझं लहानपण मी मागत नव्हतो, तेच विकत होते.

अन् कूलरला नावं ठेवायची नाही.

महालातली_आजी

मी इंग्रजी सिनेमातली नाही. पण 'श्यामची आई' आठवली. अत्र्यांची १९५३ची. आम्हाला शाळेतून रांगेने नेऊन दाखवली होती, परतताना निम्मा वर्ग मुसमुसत होता आणि बाईंनीही पदर डोळ्याला लावलेला. २०२३मध्ये सुजय डहाकेंनी ती परत केली, तीही कृष्णधवल. मी गेले ती चुका काढायलाच. आईच्या भूमिकेत वनमालाबाई नाहीत म्हणजे काही नाही, असं मनात धरूनच खुर्चीत बसले. अर्ध्या तासाने विसरले. घरी येऊन मात्र भांडी लावताना तोंडात आलं ते वसंत देसाईंच्या चालीचं जुनंच गाणं. दोन्ही खरं आहे बाबा. नात म्हणाली, आजी, रंग का नाही ग? मला उत्तर देता आलं नाही.

दूरदर्शनचा_अँटेना

आजी, नमस्कार. २०१८ला नेटफ्लिक्सवर आणखी एक मोगली आला होता, अँडी सर्किसचा. हिंदीत जॅकी श्रॉफ, माधुरी, करीना, सगळे. कोणाले आठवते का? एक तरी सांगा.

व्हीएफएक्स_मानकापूर

आठवते. अर्धा पाहून झोपलो.

देवलापारचा_मास्तर

उशिरा लिहून राहिलो, इकडं नेटवर्क सकाळीच येते.

आमची शाळा पेंचच्या जंगलाच्या काठावर आहे. पोरं जास्त गोंडाची. मागच्या हिवाळ्यात कोणीतरी प्रोजेक्टर दिला, मी २०१६वाला हिंदीत लावला. म्हटलं, आपल्याच जंगलातली गोष्ट हाय, पोरं खुश होतीन. रस्त्यावर निघालं का मोगलीच्या पाट्या, तिकडं एमपीत तं सरकारी हॉटेलचं नावच किपलिंग्ज कोर्ट. बाहेरचे टुरिस्ट गाइडले विचारते, मोगली कोनत्या झाडावर राहत होता.

शेरखाननं उडी मारली तं एकही पोरगं ओरडलं नाही. तुमचा पोरगा बगलेत घुसला, इथं सगळे चूप. चौथीतला एक म्हने, "सर, वाघ असा बोंबलत नाही येत. येते तं समजतच नाही." त्याच्या घरचे तेंदूपत्त्याच्या दिवसात पहाटं चारला जंगलात जाते. त्याले मी काय सांगनार, का केस किती खरे दिसते पाहा म्हनून?

मंग हत्ती आले. सगळे जनावरं मान खाली घालते, बगीरा म्हनते यायनं जंगल बनवलं. अन् पोरं जे हसाले लागले ते थांबेचनात. मी म्हटलं, कायले हसता बे? तं म्हनते, "सर, हत्ती तं फारेस्टवाल्याचा असते. त्याले कोन नमस्कार करते?"

एका पोरीनं इचारलं, यात गावातले लोकं कुठं हाय? रात्रीच्या अंधारात मशाली घेतलेल्या सावल्या दिसते, तेवढंच गाव. मी थांबून पाहिलं, खरंच नाही. जंगलाच्या काठावर गाव असते, ढोरं असते, मोहफूल येचनाऱ्या बाया असते, हे कोनत्याच पिक्चरवाल्याले दिसलं नाही का? वाचकताई म्हनते तो गुराखी अन् म्हशीवाला प्रसंग मले माहीत नोता. तो असता तं पोरायनं वर्ग डोक्यावर घेतला असता. इथं प्रत्येकाच्या घरी एक राम हाय.

बगीरा आवडला त्यायले. पेंचमधी काळा बिबट दिसला, त्याचे फोटो मोबाइलवर सगळ्यायनं पाहिले हाय. "आपलावालाच हाय हा," म्हनते.

धरमपेठची_वाचक

मास्तर, त्या म्हशींच्या प्रसंगाचं मी मराठीत करून पाठवते. दहा-बारा पानं होतील. वर्गात वाचाल?

देवलापारचा_मास्तर

वाचीन ना ताई. पन घळ, कळप असं लेखी मराठी नोका ठेवू, पोरायले अर्धं गोंडीत सांगा लागते. सोपं लिहा, बाकीचं मी पाहतो.

खामल्याचा_कूलर

मास्तर, माझ्याकडे दूरदर्शनच्या मालिकेचे काही भाग आहेत, प्रिंट खरखरीत आहे. पुढच्या शनिवारी मी आणि पोरगा गाडीने येतो, पेन ड्राइव्ह घेऊन. तो म्हणतोय की त्याला त्या चौथीतल्या पोराला भेटायचंय. येऊ का?

देवलापारचा_मास्तर

या. शाळेत लाइटचा भरोसा नाही, इन्व्हर्टर असन तं टाका गाडीत. अन् हत्तीवाला भाग आधी नोका लावू. पोट्टे हसले का मंग कोनाचं आयकत नाही.