मदत हवी आहे: चित्रपटमालिका प्रदर्शनाच्या क्रमाने दाखवावी की कथेच्या कालक्रमाने?

नमस्कार. माझ्या तेरा वर्षांच्या भाचीला ‘स्टार वॉर्स’ मालिका पाहायची आहे आणि ती कोणत्या क्रमाने दाखवावी यावर आम्हा मामा-भाचीत एकमत होत नाही. तिचा मुद्दा अगदी सरळ आहे. ज्या चित्रपटावर ‘भाग १’ असे लिहिले आहे तो बाजूला ठेवून ‘भाग ४’ पासून सुरुवात का करायची? इतिहास शिकताना आपण मधूनच सुरुवात करतो का, असेही तिने विचारले. मी प्रदर्शनाच्या क्रमाच्या बाजूचा आहे. परंतु ‘आम्ही असेच पाहिले’ हे काही कारण होत नाही, हे मलाही कळते. म्हणून माझी बाजू येथे मांडतो, ती कोठे लंगडी पडते ते जाणकारांनी सांगावे. ती स्वतः हा धागा वाचणार आहे, त्यामुळे प्रतिसादांत कथेतील रहस्ये कृपया फोडू नयेत.

मुळात तो क्रमांकच नंतर आलेला आहे. १९७७ साली पहिला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यावर ‘भाग ४’ असे काही नव्हते. ते १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात जोडले गेले. १९८० आणि १९८३ मध्ये त्याचे पुढील दोन चित्रपट आले, आणि ज्यांना आज भाग १ ते ३ म्हटले जाते ते थेट १९९९, २००२ आणि २००५ या वर्षांतले. म्हणजे ही पूर्वकथा रचणाऱ्यांनी प्रेक्षकाला मूळ कथा ठाऊक आहे असे गृहीत धरले होते, आणि माझ्या मते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पटकथेपेक्षा संगीतात सापडतो. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी १९८० च्या चित्रपटात खलनायकासाठी ‘इम्पीरियल मार्च’ ही जरब बसवणारी धून प्रथम योजली. १९९९ च्या चित्रपटात एका निरागस लहान मुलासाठी त्यांनी जी कोमल धून बांधली आहे, तिच्या अखेरीस त्याच मार्चचे सूर हलकेच डोकावतात. ज्याने आधीचे चित्रपट पाहिले आहेत त्याच्या अंगावर तेथे काटा येतो. ज्याने पाहिलेले नाहीत त्याच्यासाठी ती केवळ एक गोड चाल राहते. कालक्रमाचा आग्रह धरणाऱ्यांनी या एका जागेचे उत्तर द्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पुस्तकांत हाच वाद ‘नार्निया’ मालिकेवरून होतो. १९५० ते १९५६ या काळात सी. एस. लुईस यांची ही सात पुस्तके प्रसिद्ध झाली. कथेच्या काळानुसार सर्वांत आधीचे पुस्तक प्रकाशनात सहावे होते, १९५५ चे. आजच्या आवृत्त्यांत मात्र त्यालाच पहिला क्रमांक दिलेला आढळतो. मला हा बदल मुळीच पसंत नाही. प्रथम प्रकाशित पुस्तकात बर्फाच्छादित अरण्याच्या मधोमध एक दिव्याचा खांब उभा असतो, आणि तो तेथे आला कसा हे न कळण्यातच त्या दृश्याची सारी जादू आहे. खांबाचा उगम सांगणारे पुस्तक आधी हातात देणे म्हणजे कोडे घालण्यापूर्वीच उत्तर सांगून टाकणे होय. शिवाय त्या प्रथम प्रकाशित पुस्तकात, अस्लान हे पात्र कोण हे कथेतील मुलांना वाचकाइतकेच अज्ञात होते, अशा अर्थाचे एक वाक्य आहे; कालक्रमाने वाचणाऱ्याला ते चक्क खोटे वाटेल. तथापि माझ्या विरोधातली एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. १९५७ साली एका बालवाचकाने कालक्रमाचा आग्रह धरला, तेव्हा खुद्द लुईस यांनी पत्रोत्तरात त्या मुलाच्या बाजूने कौल दिला होता, जरी क्रमाला फारसे महत्त्व नसावे असेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले. भाचीला हे पत्र सापडले तर माझी अडचण होणार, हे उघड आहे.

दूरचित्रवाणी मालिकांबाबत मला फारसा प्रश्न पडत नाही. ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५) ही ‘ब्रेकिंग बॅड’ची पूर्वकथा खरी, परंतु तिचा पहिलाच कृष्णधवल प्रसंग मूळ मालिका संपल्यानंतरच्या काळातला आहे, त्यामुळे तेथे शुद्ध कालक्रम पाळणे शक्यच नाही. ‘गॉडफादर’च्या पहिल्या दोन चित्रपटांची कालक्रमाने जोडणी करून १९७७ मध्ये ते अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवले गेले होते. दुसऱ्या चित्रपटात वडिलांचे तरुणपण आणि मुलाचा वर्तमान आलटून पालटून येतात. त्या दोहोंतला विरोध हाच त्या चित्रपटाचा प्राण आहे, आणि सरळ रेषेत मांडताच तो नाहीसा होतो. कोणती गोष्ट प्रेक्षकापासून किती काळ लपवून ठेवायची हे ठरवणे हाही कथा सांगण्याचाच भाग आहे, एवढेच माझे म्हणणे.

आता माझी खरी शंका. १९७७ च्या चित्रपटाची गती आजच्या मानाने संथ आहे, विशेषतः सुरुवातीचा वाळवंटातला भाग. वेगवान संकलनाची सवय असलेल्या मुलीने तेथेच कंटाळून पाहणे सोडले, तर माझा सारा युक्तिवाद कागदावर राहील. याउलट १९९९ च्या चित्रपटात शर्यतीचा एक लांबलचक प्रसंग आहे, जो मला कंटाळवाणा वाटत असला तरी तिला नक्कीच आवडेल.

एक मधला मार्गही वाचनात आला. त्यात ४ आणि ५ पाहून झाल्यावर २ आणि ३ हे भाग पूर्वस्मृतीप्रमाणे पाहायचे, मग ६ वर शेवट करायचा आणि १ पूर्णपणे गाळायचा. यात पाचव्या भागातील तो प्रसिद्ध उलगडा शाबूत राहतो आणि त्यामागची हकीकत लगेच कळते, ही मोठीच सोय आहे. पण मग वर सांगितलेली ती कोमल धून तिच्या कानी पडणारच नाही.

या वयाच्या मुलांना कोणी हा मधला क्रम दाखवला आहे का? पहिला भाग गाळल्यामुळे दुसऱ्यात त्यांचा गोंधळ उडाला का? आणि ज्यांनी एकापासून सुरुवात केली, त्यांच्या मुलांची पाचव्या भागातील त्या प्रसंगी काय प्रतिक्रिया झाली, हे रहस्य सांभाळून लिहिता आल्यास अवश्य लिहावे. मालिकेचे २०१५ नंतरचे भाग सध्या चर्चेत नकोत. त्यांच्याविषयीची माझी मते वेगळ्या धाग्याच्या लांबीची आहेत.