मदत हवी आहे: पाकट आणि गोकर्णाच्या तुलनेत नत्राचा मुद्दा चालेल का?

नमस्कार मंडळी, भाचीला अकरावीच्या बायोलॉजीत एक प्राणी आणि एक फुलझाड घेऊन तुलना करायचीये आणि तिने निवडलंय काय तर ठिपकेवालं पाकट (चपटा समुद्री मासा) आणि गोकर्ण, का ते विचारू नका. आता हे पोहतं, तो वेल चढतो असा तक्ता कोण वाचणार, म्हणून जरा शोधलं तर दोन्हीकडे नत्राची गंमत निघाली.

पाकटाच्या (मुशीच्याही) रक्तात आणि मांसात युरिया भरपूर. आपण लघवीतून टाकून देतो तो हे साठवून ठेवतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात राहूनही अंगातलं पाणी बाहेर खेचलं जात नाही. पाकट जरा शिळं झालं की तो नाकात जाणारा वास येतो ना, तो जिवाणूंनी युरिया फोडून केलेला अमोनिया. बरं एवढा युरिया प्रोटीनला वाईटच, त्यावर उतारा म्हणून टीएमएओ नावाचं द्रव्य असतं सोबत.

गोकर्ण शेंगवर्गातलं, त्यामुळे मुळांवर गाठी, आणि गाठीतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र पकडून त्याचा अमोनिया करतात. पण त्यांचं एन्झाइम ऑक्सिजनने बिघडतं, म्हणून तिथे लेगहिमोग्लोबिन असतं ते मोकळा ऑक्सिजन कमी ठेवतं. काम चालू असलेली गाठ कापली की आत गुलाबी दिसते ती त्यानेच, आणि ते पाकटाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं! मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं.

तर जाणकारांनी सांगा, पाकट नत्र शिंपले-गोगलगायी खाऊन मिळवतं आणि युरिया स्वतःच्या यकृतात बनवतं, झाडाचं काम मात्र जिवाणू करतात, मग ही तुलना सरांना ओढूनताणून वाटेल का? दुसरं म्हणजे आमचा गोकर्ण कुंडीत आहे आणि आईने त्याला अधूनमधून युरिया घातलाय, खतातून नत्र मिळालं की झाड गाठी कमी धरतं असं वाचलं, मग उपटून बघण्यात अर्थ आहे का की सरळ शेतातला भुईमूग दाखवावा? आणि पाकटाचं शास्त्रीय नाव कुठलं लिहायचं, जुन्या पुस्तकांत एटोबेटस नारीनारी आहे पण ते आता अटलांटिकमधलंच धरतात, आपल्याकडचं ओसेलेटस, बरोबर ना?

कापलेल्या गाठीचा स्वतः काढलेला फोटो कोणाकडे असेल तर प्लीज टाका, गुलाबी रंग नीट दिसेल असा.