पुणेकर रसिक यजमान राहिलाय की गिऱ्हाईक झालाय?

नारायणपेठी: १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ शास्त्रीय संगीताचा महोत्सव, आपला 'सवाई', सुरू केला. रमणबाग शाळेच्या मैदानात होता तेव्हा आम्ही घरचं कार्य असल्यासारखे सतरंजी, डबा, थर्मास घेऊन जायचो. तिकीट परवडत नसे ते बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकायचे, आणि गाण्यातल्या सुंदर जागेला दाद तिथूनही यायची. २०१८ ला महोत्सव मुकुंदनगरला गेला. मैदान प्रशस्त आहे, गाणं आजही अव्वल. पण संथ लयीतला विलंबित ख्याल रंगात आलेला असताना शेजारचा मोबाईलवर चित्रण करत असतो. माझं मत स्पष्ट आहे: पुणेकर आता गिऱ्हाईक झालाय.

खराडीकर: यजमान म्हणजे पेठेत घर असलेलेच का? मी लातूरचा, बारा वर्षं खराडीत. इतकी वर्षं गर्दी आणि पार्किंगच्या धास्तीने गणपतीत आईला घेऊन शहरात यायची हिंमत झाली नव्हती. मेट्रो मंडईपर्यंत आल्यावर रामवाडीला बसलो, कोर्टापाशी गाडी बदलली आणि आईने कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत मानाचे पाचही गणपती चालत केले. परत येताना म्हणाली, "आता आपलं गाव वाटतंय." तिला गिऱ्हाईक म्हणू नका.

ताशेवाली: आणि आम्ही गणपतीतल्या ढोल-ताशा पथकातली पोरं? दोन महिने ऑफिस सुटलं की सराव. ढोल कमरेला बांधून तासन्‌तास उभं राहायचं, हाताला फोड येतात. यापेक्षा वेगळा सहभाग कसा असतो?

नदीकाठची: ताई, तुमचा सराव माझ्या खिडकीखाली चालतो. वडील हृदयरोगी आहेत. मला ढोल आवडतो, पण दोन महिने रोज नाही. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते तेव्हा घरात कोंडून घेणारे पुणेकरही मोजा. आमच्या वाट्याला आलेला सहभाग लादलेला आहे.

ताशेवाली: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आमचं पथक साडेआठला थांबतं. सगळी थांबत नाहीत, हे मान्य.

भरतचा कट्टा: पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, विसरलात सगळे. १९६३ पासून कॉलेजची पोरं स्वतः लिहितात, बसवतात, नेपथ्य खांद्यावरून आणतात. पोरांची "आव्वाज कुणाचा" ही आरोळी ऐकायला भरत नाट्यमंदिरात या, मग यजमान कोण ते बोलू.

नारायणपेठी: खराडीकर, तुमच्या आईंसाठी तो शब्द मागे घेतो. मोबाईलवाल्यांसाठी नाही. डिसेंबरात आईंना सवाईला आणा. भारतीय बैठकीत आमच्या सतरंजीवर जागा धरून ठेवतो.