गाडीवेड्यांना समाजकार्याला कसं जुंपलंत? अनुभव इथे लिहा

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आमची पुण्यातली छोटीशी संस्था दर हिवाळ्यात एक कार रॅली भरवते. चालक डोळस, नेव्हिगेटर दृष्टिहीन. मार्गाच्या सूचना ब्रेलमध्ये, त्याही फक्त नेव्हिगेटरच्या हातात. असे उपक्रम बऱ्याच शहरांत होतात, त्यात नवल काही नाही. खरी कसरत आहे ती चालक जमवण्याची, आणि ते खातं माझ्याकडे आहे.

गाड्यांच्या ग्रुपवर ‘समाजकार्यासाठी स्वयंसेवक हवेत’ असं टाकलं की हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि माणूस एकही येत नाही. त्याच ग्रुपवर ‘रविवार, सकाळी साडेसहा, साधारण साठ किलोमीटर, सरासरी वेग ३५, मध्ये थोडा कच्चा रस्ता, उशिरापेक्षा लवकर पोचल्याला दंड जास्त’ असं लिहिलं की चहा निवायच्या आत प्रश्न सुरू. कच्चा म्हणजे किती कच्चा? सेडान चालेल का? ओडोमीटर जुळवून घ्यायला मोजलेलं अंतर देणार का? असले प्रश्न विचारणारा हमखास येतो. या लोकांना पुण्यासाठी बोलावू नये (शहर नव्हे, पाप-पुण्यातलं), गाडीच्या कामासाठी बोलवावं, असं माझं मत होत चाललंय.

तुमचं काय? रॅली, पूर, रक्तदान, काहीही चालेल. फक्त ऐकीव नको.

लाल थार

ताई, कच्च्या रस्त्याचा प्रश्न मीच विचारला होता.

टीएसडी एवढं वाचूनच मी नाव दिलं होतं. टीएसडी म्हणजे वेळ-वेग-अंतर. इथे पहिला कोण पोचला याला काडीची किंमत नाही. नेमून दिलेल्या सरासरीने, नेमक्या मिनिटाला मार्शलच्या (वेळ नोंदवणाऱ्याच्या) टेबलापाशी हजर व्हायचं. माझ्या वाट्याला आलेले काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडीत बसून दार ओढलं आणि आवाजावरूनच म्हणाले, ‘हार्ड टॉप दिसतेय.’ म्हणजे कडक छताची. तिथेच आमचं जमलं.

त्यांच्या मांडीवर एक लाकडी फळी, तिच्यावर जाड कागदांची चवड. माझं काम ओडोमीटर मोठ्यांदा वाचायचं, दोन पॉइंट तीन, दोन पॉइंट चार. त्यांनी बोटाने ओळ धरायची आणि पुढची सूचना सांगायची. पण खड्डा आला की बोट उडतं आणि ओळ हरवते. म्हणून मी आधी ‘ब्रेकर’ म्हणून ओरडायचं आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीच्या सुरुवातीला रोवून ठेवायचं, हे दोन-तीन किलोमीटरांतच ठरून गेलं. पुढे एका तिठ्यावर मला पक्कं वाटत होतं की डावीकडे. रोजचा पायाखालचा रस्ता. काका म्हणाले, ‘कागद उजवीकडे म्हणतोय. तुमच्या ओळखीच्या रस्त्याने आपण नंतर जाऊ.’ उजवीकडेच होतं.

छापील सूचनांचा सीलबंद लिफाफा गाडीत ठेवलेला असतो, फोडला की गुण गेले. आमच्या ग्रुपमधल्या एका बहाद्दराने पहिल्याच चौकात फोडला. नाव नको सांगायला, तो यंदाही येणार आहे.

आता मुद्द्याचं. नंतर ग्रुपमधून आणखी गडी आणले ते हार घातलेले फोटो टाकून नाहीत. मी आमचा पेनल्टीचा कागद टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघा जमतंय का.’ डिवचल्याशिवाय ही जमात हलत नाही.

सहा ठिपके

मी त्या शेजारच्या सीटवरून लिहितेय. (फोन बोलतो, मी लिहिते. शुद्धलेखन गोड मानून घ्या.)

चालक मिळाले यावर सगळे खूश असतात, नेव्हिगेटरला काय मिळालं ते कोणी विचारत नाही. म्हणून सांगते. एकदा एका आयोजकांनी सूचना इंग्रजी ब्रेलमध्ये दिल्या, तेही संक्षेपांच्या, म्हणजे एका खुणेत अख्खा शब्द किंवा अक्षरांचा गट. मी मराठी माध्यमातली. ठिपके तेच सहा, भारती ब्रेलमध्ये बरीचशी व्यंजनं इंग्रजी अक्षरांच्याच खुणांवर बसवलेली, पण इंग्रजीतले संक्षेप शिकलेच नाहीत तर बोट काय करणार? पहिला चौक येईपर्यंत मी निम्मं अंदाजाने वाचत होते. नाव नोंदवतानाच विचारा की मराठी, हिंदी की इंग्रजी. आणि हेही विचारा की ब्रेल झरझर वाचता येतं का. आमच्यातली बरीच तरुण मंडळी आता फोनवर ऐकूनच वाचतात. त्यांना ऐन रॅलीत कागद देऊन उपयोग नाही, आधी चार दिवस सराव हवा.

चालकांबद्दल. माझ्याशी मोठ्या आवाजात बोलणारे असतात, जणू मला ऐकू येत नाही. दंडाला धरून गाडीत कोंबणारे असतात. दाराच्या हँडलवर माझा हात ठेवला की पुरे, बाकी मी बघते. मला आवडतात ते गाडीवेडे. त्यांना माझी कीव करायला वेळच नसतो, डिझेल बरं की पेट्रोल यावर सगळा रस्ता जातो. गिअर कधी बदलायला हवा होता हे मला आवाजावरून कळतं, आणि मी ते सांगते. एकाला राग आला होता.

आणि जे कोणी लिहीत नाही ते: रॅलीनंतर त्या चालकांतूनच मला परीक्षेला लेखनिक मिळाले. म्हणजे चालक नव्हे, त्यांची मुलं. तेव्हा लेखनिक आपण आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं होतं. त्यामुळे इंजिनिअर बाबा पदवीच्या पेपराला चालले नाहीत, त्यांची बारावीतली मुलगी चालली. लेखनिक शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

पंचगंगाकाठ

आमचा अनुभव रॅलीचा न्हाई, पुराचा.

२०१९ चा ऑगस्ट. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. तिकडं सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ धोक्याची, तिथं ५७ ओलांडली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दोन्हीकडं ट्रकांच्या रांगा. आणि बाहेरच्या ग्रुपवरनं मेसेजवर मेसेज, ‘स्नॉर्कलवाल्या गाड्या घेऊन निघतो.’ भावांनो, वाहत्या पाण्यात जीप घालत नसतात. स्नॉर्कल इंजिनला हवा देतं, चाकाला जमीन देत न्हाई. पाण्याला ओढ असली की गाडी तरंगते आणि आडवी जाते. तिथं होडी पायजे, एनडीआरएफ पायजे, न्हाईतर पोहणीची पोरं. गावातला ट्रॅक्टरसुद्धा आपल्या थारपेक्षा भारी.

आमचं काम पाणी उतरल्यावर सुरू झालं. शिरोळ तालुक्यात गल्लीबोळांत असा गाळ की टेम्पो रुतायचे. तिथं जिप्सी चालली. औषधं, जनावरांचा चारा, ब्लीचिंग पावडर, खराटे, फावडी. जुने कपडे आणू नका असं ओरडून सांगत होतो, तरी ढिगानं आले आणि रस्त्याकडेला भिजत पडले.

माणसं निवडायची आमची पद्धत सांगतो. ग्रुपवर ‘मी येतो’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न: तुझ्या गाडीचा ओढायचा हुक कुठं हाय? झटक्यात उत्तर आलं तर नाव यादीत. ‘बघून सांगतो’ आलं तर त्याला पॅकिंगला बसवायचा. यादीत गाडी, टायर कसले, फोर बाय फोर खरं का नुसतं बॅजवर, दोरखंड, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), आणि गाडी चिखलात अडकली तर घरचे ओरडणार का, हेपण. हसू नका, शेवटचा प्रश्न महत्त्वाचा हाय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तवा हीच यादी कामी आली. पण त्या वेळी जीपवाल्यांपेक्षा लई उपयोगी पडले ते गाडी धुण्याचं वेड असलेले. प्रेशर वॉशर, लांब पाईप, छोटा जनरेटर सगळं घरचंच. एरवी त्यांची टिंगल व्हायची, गाडी चालवण्यापेक्षा धुतोच जास्त म्हणून. दुकानांतला गाळ त्यांनी काढला.

कोपऱ्यातला

पंचगंगाकाठ, सगळं पटलं, पण त्या वेळी बॉनेटवर बॅनर लावून, बिस्किटाचे पुडे देतानाचे व्हिडिओ टाकणारेही हेच गाडीवाले होते ना? एका म्हातारीला पुडा परत घेऊन दुसऱ्यांदा द्यायला लावला होता, कारण पहिल्यांदा ड्रोन नीट उडाला नाही. मी तिथे उभा होतो.

पंचगंगाकाठ

होते की. तसले आले तर फोन खिशात ठेवायला लावायचो. न ऐकणाऱ्याला गाळ उपसायला दिला, मग कॅमेरा धरायला हात रिकामे ऱ्हाईले न्हाईत.

डुक्कर फियाट

हे नाव म्हणजे माझी गाडी, मी नव्हे. मुंबईत आम्ही जुन्या गाड्यांवाले एका संस्थेतल्या मुलांना गाड्यांतून फिरवून आणतो. उपचारांसाठी गावाहून आलेली मुलं, महिनोन् महिने एकाच खोलीत. सकाळी लवकर मरीन ड्राइव्हचा एक फेरा, परत येऊन इडली.

मालक मिळायला त्रास नाही, स्वतःची गाडी दाखवायला कोण नको म्हणेल! त्रास असतो तो मालकाखेरीज माणसं मिळवायचा. जुनी गाडी सिग्नलला उभी राहिली की तापते, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिन मान टाकतं. त्यावर जुना इलाज: फ्युएल पंपावर ओलं फडकं, आणि दोन मिनिटं बॉनेट उघडं. हे करायला प्रत्येक दोन-तीन गाड्यांमागे एक माणूस लागतो. पाण्याचा कॅन, फडकी, पाने, आणि मुलांना ‘आता काय झालं’ हे न कंटाळता सांगायची तयारी. खरं तर गाडी बंद पडणं हाच मुलांच्या दृष्टीने सोहळ्याचा भाग. एका पोराने परत आल्यावर आईला फेऱ्याबद्दल काही सांगितलं नाही, फक्त पंपावर फडकं कसं गुंडाळतात ते हातवारे करून दाखवत बसला.

बिनगाडीचा

वरच्यांना हवी असलेली माणसं म्हणजे आम्ही. वय वीस, गाडी शून्य, पण कुठल्या मॉडेलला कुठलं इंजिन ते विचारा. ग्रुपवर आम्हाला कोणी मोजत नाही. ताईंच्या रॅलीत मी मार्शल होतो. पहाटे पाचला मित्राच्या स्कूटरवर डबलसीट पोचलो, उसाच्या शेताकडेला टेबल टाकलं, घड्याळ जुळवलं, आणि एकेका गाडीची वेळ सेकंदापर्यंत लिहून घेतली. थार, पोलो, जुनी एस्टीम, सगळ्या जवळून बघायला मिळाल्या. गाडी असलेल्यांपैकी काही जण आदल्या रात्री ‘अचानक काम निघालं’ म्हणतात. आमच्यातलं कोणी गळत नाही, कारण आम्हाला दुसरीकडे एवढ्या गाड्या फुकट बघायला कोण देणार?

कलमबहाद्दर

रंगाचा बेरंग करायला आलोय. खासगी गाडीची विमा पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. भाड्याने वापर, शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती तग धरते याची चाचणी) आणि मालवाहतूक (स्वतःचं सामान वगळून) यांना संरक्षण नसतं. म्हणजे पुराला पोती भरून नेलेली जिप्सी आणि रॅलीतली थार, दोघांनाही हे कलम आडवं येऊ शकतं. काही करू नका असं म्हणत नाही मी. पत्रकात ‘ही शर्यत नाही, वेग कायद्याच्या मर्यादेत’ असं स्पष्ट छापा, विमा कंपनीला आधी लेखी विचारा, पोलिसांची परवानगी घ्या, आणि जड माल पिवळ्या पाटीच्या टेम्पोत घालून जीप फक्त शेवटच्या टप्प्याला लावा. कोणाकडून इंधनाचे पैसेही घेऊ नका, भाडं म्हणायला कंपनी मोकळी.

आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारून इंजिन मोडलं तर ते साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्याला वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं.

लाल थार

कलमबहाद्दर, तुम्ही लग्नातही असंच बोलता का? पण पॉलिसी काढून वाचली. बरोबर आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे डिसेंबरात गाड्यांचे क्लब ‘टॉईज फॉर टॉट्स’साठी खेळणी गोळा करतात. अमेरिकन मरीन्सच्या राखीव दलाचा उपक्रम, १९४७ पासूनचा. नवी, गिफ्टपेपरात न गुंडाळलेली खेळणीच घेतात. रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या मांडायच्या, प्रवेश म्हणजे एक खेळणं. आमच्या क्लबात जपानी गाड्यांची वेडी पोरं, त्यात निम्मी देशी.

पार्किंग लावणं आणि खोकी उचलणं यांना माणसं मिळेनात, तेव्हा मी मराठी मंडळातल्या आईबापांच्या ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘शाळेसाठी सेवेचे तास हवे असल्यास सहीचं पत्र मिळेल.’ नंतर नको म्हणायची वेळ आली. थंडीत कानटोप्या घालून पोरं हजर, मागे थर्मास घेऊन आयाही. हेतू शुद्ध नव्हता म्हणाल तर नव्हता, पण खोकी ट्रकमध्ये चढली.

धागाकर्ती

वा! एडिसनकर, तासांच्या पत्राची युक्ती आमच्या एनएसएसवाल्या पोरांसाठी उचलते. बिनगाडीचा, तुमचे मित्र पाठवा, मार्शल कमीच पडतात. सहा ठिपके, यंदाच्या नोंदणीत ब्रेलच्या भाषेचा रकाना घातलाय, आणि सरावाची एक दुपारही ठेवलीय. चालकांना दारापाशी कसं वागायचं ते तुम्हीच सांगाल का त्या दिवशी?

सहा ठिपके

सांगेन. राग येणाऱ्यालाही बोलवा.

कोपऱ्यातला

माझं नाव घ्या चालकांत. गाडी सीएनजी आहे, डिकीत टाकी, त्यामुळे बॅनर ठेवायला सांगू नका.