मेणवलीच्या घाटावर शूटिंग: परवानगी कुणाकुणाची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, नऊ जणांचं युनिट. वाईजवळचा मेणवलीचा घाट डोक्यात पक्का बसलाय. रविवारी पहाटे रेकी (जागेची पाहणी) केली. चंद्रकोरीसारख्या पायऱ्या, कृष्णेवर धुकं, वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. धुणं आपटल्याचा आवाज दगडांत असा घुमत होता की आमचा साउंडवाला जागचा हलेना!

अडचण अशी: गोरेगावच्या चित्रनगरीवाल्या महामंडळाकडे एक खिडकी योजनेतून अर्ज केला, तरी ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि नाना फडणवीसांच्या वाड्याचे मालक यांना वेगळं गाठावं लागतं का? अलीकडे तिथे कुणी शूट केलंय? भाडं, अनामत किती पडली? परवानग्या-खर्चाचं सगळं बघणारा लाइन प्रोड्युसर परवडत नाही. थेट सरपंचांनाच भेटलं तर चालेल ना? पावसात खालच्या पायऱ्या बुडतात, म्हणून डिसेंबर धरलाय.